चेंबरचं पॅकिंग गळतंय? घरच्या घरी ते बदलण्याची पद्धत

इंजिनच्या अगदी तळाला पत्र्याचं किंवा अ‍ॅल्युमिनियमचं जे भांडं बोल्टांनी बसवलेलं असतं, ते ऑइल चेंबर. इंजिन बंद असलं की बहुतेक सगळं ऑइल त्यात उतरून बसतं. चेंबर आणि इंजिन ब्लॉक यांच्यामधला सांधा बंद ठेवतं ते पॅकिंग. हे पॅकिंग रबराचं असतं, कॉर्कचं असतं किंवा नुसती सिलिकॉनची रेघ असते. वर्षानुवर्षं तापून-गार होऊन रबर कडक पडतं, कॉर्क आक्रसतो आणि सांध्यातून ऑइल पाझरायला लागतं. इंदूरच्या कॉलन्यांमधल्या उंच गतिरोधकांवर चेंबर घासलं जातं, त्यानेही सांधा हलतो. पण सर्वांत जास्त नुकसान करतो तो जास्त जोर. ठिबकायला लागलं की कुणीतरी खाली शिरून बोल्ट आणखी आवळतं, बोल्टभोवतीचा पत्रा खड्ड्यासारखा दबतो आणि दोन बोल्टांच्या मधली कड ब्लॉकपासून सुटते. त्यानंतर कितीही आवळलं तरी गळती वाढतच जाते.

म्हणून या कामात ताकद लागत नाही. नेमकं निदान, दोन्ही कडांची सफाई आणि मोजून आवळणं, यांवरच सगळं अवलंबून आहे. पहिल्यांदा करणाऱ्याने पाच-सहा तास धरावेत आणि शिवाय सीलंट सुकायला एक रात्र. शनिवारी दुपारी सुरू करून रविवारी संध्याकाळी गाडी चालू करायची, असा बेत ठेवा. सामान मात्र शनिवारी सकाळीच आणून ठेवा. अर्धं काम झाल्यावर रविवारी पार्ट्सचं दुकान उघडं मिळेल, या भरवशावर राहू नका.

आधी खात्री करा, गळती चेंबरचीच आहे ना

ऑइल वरून खाली उतरतं आणि गाडी पळताना वाऱ्याने मागे सरकतं. त्यामुळे थेंब चेंबरच्या कडेला लटकलेला दिसला, तरी तो इंजिनच्या माथ्यावरच्या टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून, ऑइल प्रेशर स्विचमधून, फिल्टरच्या बुडातून किंवा क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या) पुढच्या सीलमधून आलेला असू शकतो. चेंबर काढून बसवलं आणि गळती टॅपेट कव्हरची निघाली, तर सगळी मेहनत फुकट.

पद्धत सोपी आहे. इंजिन गार असताना खालचा आणि बाजूचा सगळा तेलकट भाग डीग्रीझरने किंवा रॉकेलने धुवा, फडक्याने कोरडा करा. मग चेंबरच्या सांध्यावर चारही बाजूंनी साधी टाल्कम पावडर भुरभुरा. १०-१५ किलोमीटर गाडी चालवा, परत येऊन टॉर्च लावून बघा. पांढऱ्या पावडरीवर ऑइलचा ओघळ कुठून सुरू झाला, ते स्वच्छ दिसतं. ओघळ सांध्यातूनच निघाला असेल तर हे काम तुमचं. वरून उतरत आला असेल तर आधी वर शोधा.

आणखी तीन गोष्टी याच वेळी तपासा. ड्रेन बोल्टच्या टोकाला थेंब असेल तर बहुधा त्याचा वॉशर गेलेला असतो, आणि तो ऑइल बदलतानाच बदलता येतो. इंजिन आणि गिअरबॉक्स जुळतात तिथल्या खालच्या भोकातून ऑइल येत असेल तर क्रँकचं मागचं सील गेलेलं असतं. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, ते घरचं काम नव्हे. तिसरी गोष्ट म्हणजे पीसीव्ही व्हॉल्व्ह. इंजिनमधला वायू बाहेर काढणारा हा छोटा व्हॉल्व्ह तुंबला की आत दाब वाढतो आणि ऑइल मिळेल त्या सांध्यातून बाहेर ढकललं जातं. इंजिन मंद चालू ठेवून ऑइल भरायच्या तोंडावर कागदाचा तुकडा धरा. कागद हलकेच आत ओढला गेला किंवा नुसता थरथरला तर ठीक. फूत्कारासारखा बाहेर उडत असेल तर आधी पीसीव्ही आणि त्याचा पाइप साफ करा, नाहीतर नवं पॅकिंगही टिकणार नाही. पीसीव्ही साफ असूनही कागद उडत असेल तर पिस्टनच्या रिंगा झिजल्याची शक्यता असते, आणि तेव्हा आधी मिस्त्रीचा सल्ला घ्यावा.

बोल्टही एकदा हाताने तपासा. दोन-चार बोल्ट बोटांनी फिरण्याइतके ढिले सापडले तर ते नेमून दिलेल्या टॉर्कला (मॅन्युअलमध्ये ठरवलेल्या आवळण्याच्या जोराला) आवळा आणि आठवडाभर बघा. कधी कधी एवढ्यावरच भागतं.

आपल्या गाडीत हे घरी जमेल का

गाडी उचलल्यावर खाली झोपून एकच प्रश्न स्वतःला विचारा: चेंबरच्या प्रत्येक बोल्टपर्यंत गोटी (सॉकेट पाना) पोहोचते का, आणि चेंबर सरळ खाली यायला जागा आहे का? जुन्या मारुती ८००, अल्टोसारख्या गाड्यांत सायलेन्सरचा पुढचा पाइप आणि क्लच हाउसिंगची खालची पातळ प्लेट काढली की चेंबर मोकळं होतं. हे जमण्यासारखं आहे. ज्या गाड्यांत चेंबरखालून क्रॉसमेंबर (गाडीच्या सांगाड्याची आडवी तुळई) जाते आणि इंजिन वर उचलून धरल्याशिवाय चेंबर निघत नाही, तिथे घरच्या जॅकवर हात घालू नका. काही इंजिनांना दोन मजली चेंबर असतं, वर अ‍ॅल्युमिनियमचं आणि खाली पत्र्याचं. खालचं पत्र्याचं घरी करता येतं. वरचं गिअरबॉक्सलाही जोडलेलं असतं, ते गॅरेजचं काम.

सामान

पार्ट्सच्या दुकानात 'चेंबर पॅकिंग' म्हणून मागा आणि गाडीचा चेसिस नंबर सोबत न्या. एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक इंजिन बदललेलं असतं, नुसतं मॉडेल सांगून चुकीचं पॅकिंग हातात पडतं. पॅकिंग मिळतच नाही, असं दुकानदार म्हणाला तर तो फसवत असेलच असं नाही. बऱ्याच इंजिनांना कंपनीतूनच पॅकिंग नसतं, फक्त सीलंट लावलेलं असतं. हत्यारं आणि किरकोळ सामान इंदूरच्या सियागंज बाजारात सहज मिळतं.

घ्यायचं ते असं:

- चेंबर पॅकिंग, किंवा ऑइल सहन करणारं आरटीव्ही सिलिकॉन सीलंट (दोन्ही असलेलं बरं)
- ड्रेन बोल्टचा नवा वॉशर, नवा ऑइल फिल्टर, मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचं ऑइल (छोट्या पेट्रोल गाड्यांना बहुधा ३ ते ४ लिटर)
- सायलेन्सरचा पाइप काढावा लागणार असेल तर त्याच्या सांध्याचं पॅकिंग
- ब्रेक क्लीनरचे दोन कॅन, प्लॅस्टिकची खरवडणी, धागे न सुटणारी सुती फडकी
- १० मिमीची गोटी, रॅचेट, ७५ आणि १५० मिमीची एक्स्टेन्शन, ड्रेन बोल्टचा रिंग पाना (१४, १७ किंवा १९ मिमी, गाडीप्रमाणे)
- ५ ते २५ न्यूटन मीटरचा छोटा टॉर्क रेंच
- हायड्रॉलिक जॅक, कमीत कमी २ टनांच्या दोन घोड्या (उचललेली गाडी पेलणारे जॅक स्टँड), चाकांना लावायला लाकडी पाचरी
- ६ लिटरचं पसरट घमेलं, चष्मा, नायट्राइलचे हातमोजे

सीलंट घेताना नळीवर ऑइल-रेझिस्टंट आणि इंजिनसाठी असल्याचं लिहिलेलं बघा. एनाबॉन्ड, लॉकटाइट यांच्या अशा नळ्या सहज मिळतात. बाथरूमच्या फटी बुजवायचं सिलिकॉन, ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, ते अजिबात वापरू नका. त्यातल्या अ‍ॅसिडने धातू गंजतो आणि ते गरम ऑइलमध्ये टिकत नाही.

टॉर्क रेंच नसेल तर एक उपाय आहे. प्रवासाची बॅग तोलायचा छोटा हुकाचा काटा मिळतो. पान्यावर बोल्टच्या मध्यापासून बरोबर १० सेंटिमीटरवर खूण करा, तिथे काटा अडकवून पान्याला काटकोनात ओढा. काटा १० किलो दाखवतो तेव्हा बोल्टवर साधारण १० न्यूटन मीटर जोर पडलेला असतो. टॉर्क रेंचइतकं हे अचूक नाही, पण अंदाजपंचे आवळण्यापेक्षा कितीतरी बरं.

गाडी उचलणं

इथे घाई करायची नाही. गाडीबरोबर मिळणारा कात्रीसारखा जॅक फक्त चाक बदलण्यासाठी असतो. त्याच्या भरवशावर गाडीखाली डोकं घालायचं नाही, एका मिनिटासाठीही नाही. जागा सपाट आणि पक्की हवी. इंदुरात घरांच्या पोर्चला पावसाचं पाणी जावं म्हणून रस्त्याकडे उतार ठेवलेला असतो, तो नजरेला दिसत नाही. बाटली आडवी ठेवून बघा, घरंगळली तर जागा बदला. अंगणात काळी माती असेल तर तिथे गाडी उचलूच नका. माळव्याची काळी माती वरून टणक दिसते, पण पावसाने ओली झाली की घोडीचा पाय त्यात रुतत जातो. चिरेबंदी फरशीचा तुकडाही वजनाने फुटू शकतो. सिमेंट काँक्रीटच हवं.

हँडब्रेक ओढा, गाडी पहिल्या गिअरमध्ये टाका, मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून पाचरी लावा. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. पुढची बाजू उचलून मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या ठिकाणी दोन घोड्या लावा, जॅक सैल करून वजन घोड्यांवर येऊ द्या. मग गाडीला बाजूने दणकून हलवून बघा. हलली तर आत्ताच हललेली बरी. जास्तीची खबरदारी म्हणून स्टेपनी दाराखालच्या पट्टीच्या आत सरकवून ठेवा. आणि घरात कुणाला तरी सांगून ठेवा की तुम्ही गाडीखाली आहात.

ऑइल काढणं आणि चेंबर उतरवणं

ऑइल कोमट असावं, म्हणजे लवकर वाहतं. थंडीत गाडी उचलण्याआधीच पाच मिनिटं चालू करून वीस-तीस मिनिटं थांबा. मे महिन्यात त्याचीही गरज नाही, ४० अंशांच्या हवेत ऑइल तसंच पातळ असतं. सायलेन्सरचा पाइप मात्र पूर्ण गार होऊ द्या.

ड्रेन बोल्ट काढून ऑइल अर्धा तास ठिबकू द्या, मग बोल्ट हाताने परत लावून टाका. फिल्टरही याच वेळी काढा. चेंबरवर ऑइल लेव्हलचा सेन्सर असेल तर त्याचा कनेक्टर सोडवा. सायलेन्सरच्या पाइपाचे नट गंजलेले असतात. त्यांवर आदल्या संध्याकाळी गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवला असेल तर ते तुटायचे वाचतात. पाइप काढताना ऑक्सिजन सेन्सरची वायर ताणली जाऊ देऊ नका. पाइप तारेने बांधून ठेवा, लोंबकळत सोडू नका.

आता चेंबरचे बोल्ट. बहुतेक छोट्या गाड्यांत ते एम६ (६ मिमी जाडीच्या) मापाचे असतात आणि डोक्याला १० मिमीची गोटी बसते. बाहेरच्या टोकांकडून मधल्या बोल्टांकडे, समोरासमोर असे थोडे थोडे सैल करत जा. सगळे काढून टाकू नका. चार कोपऱ्यांचे बोल्ट तीन-चार आट्यांवर अडकवून ठेवा, नाहीतर सांधा सुटताक्षणी चेंबर उरलेल्या ऑइलसकट तोंडावर येईल. काढलेले बोल्ट पुठ्ठ्यावर चेंबरचा आकार काढून त्या त्या जागी खोचून ठेवा. त्यांची लांबी एकसारखी असतेच असं नाही. लांब बोल्ट उथळ भोकात गेला तर तो आवळल्यासारखा वाटतो, पण कड दबत नाही आणि तिथूनच पुन्हा गळती होते.

चेंबर चिकटून बसलेलं असेल तर लाकडाचा ठोकळा बाजूला टेकवून रबरी हातोडीने ठोका, एकाच जागी नाही, फिरत फिरत. सीलंटने चिकटवलेल्या चेंबरसाठी पातळ, रुंद पात्याचं सील कटर मिळतं. ते कडेने सरकवत न्यायचं. स्क्रू ड्रायव्हर खुपसून उचकटायचा मोह आवरा. अ‍ॅल्युमिनियमच्या ब्लॉकवर पडलेला एक खोल ओरखडा म्हणजे पुढच्या गळतीची वाट. काही चेंबरना उचकटण्यासाठी मुद्दाम कान दिलेला असतो, टॉमी (उचकटायची लोखंडी पहार) तिथेच लावा.

चेंबर खाली येताना आत पाव लिटरभर ऑइल राहिलेलं असतं, तेव्हा सपाट धरून उतरवा. मध्येच अडकलं तर ओढाताण करू नका. आत ऑइल खेचणारी जाळी असते आणि काही इंजिनांत तीच आड येते. चेंबर थोडं खाली घेऊन तिचे दोन बोल्ट सोडले की वाट मोकळी होते. जाळी काढलीत तर तिच्या मुळाची ओ-रिंग नवीन घाला. जुनी रिंग हवा ओढते आणि ऑइलचा दाब पडतो.

आत काय दिसतं ते बघा

इंजिनचा तळ एरवी उघडा दिसत नाही, म्हणून इथे दोन मिनिटं थांबा. तळाला बोट फिरवून बघा. काळा पातळ थर चालतो. बोटाने खरवडता येईल असा घट्ट गाळ असेल तर ऑइल उशिरा उशिरा बदललं गेलं आहे. ऑइल दुधाळ असेल तर कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) आत येतोय, आणि पॅकिंग बदलण्याआधी त्याचा उलगडा करायला हवा. तांबूस किंवा पितळी चमकीचे कण दिसले तर बेअरिंग झिजतंय, इंजिन जाणकाराला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

जाळीत लाल, काळे किंवा करडे रबरासारखे तुकडे अडकलेले सापडले तर ते आधीच्या कुणीतरी भसाभस लावलेल्या सिलिकॉनचे. हेच तुकडे जाळी तुंबवतात, आणि जाळी तुंबली की ऑइल वर पोहोचत नाही. जाळी रॉकेलने धुऊन प्रत्येक छिद्र मोकळं करा.

सफाई, म्हणजेच निम्मं काम

दोन्ही कडा, चेंबरची आणि ब्लॉकची, बोटाला काहीही न जाणवेल इतक्या साफ हव्यात. जुनं पॅकिंग प्लॅस्टिकच्या खरवडणीने काढा, चिवट तुकडे ब्रेक क्लीनरने भिजवून पाच मिनिटांनी पुन्हा खरवडा. ब्लॉकची कड खालून साफ करताना सुटलेले कण क्रँकवर उडू नयेत म्हणून आत स्वच्छ फडकं खोचा आणि शेवटी आठवणीने काढा. ड्रिलला लावायची घासणारी चकती वापरू नका. तिच्यातून उडणारी बारीक कुरुंदाची पूड ऑइलमधून थेट बेअरिंगमध्ये जाते आणि काही हजार किलोमीटरांत इंजिन खाते. हा इशारा लहान अक्षरात वाचून सोडून देण्यासारखा नाही. वेळ वाचवायच्या नादात चांगली इंजिनं याच चकतीने गेली आहेत.

बोल्टची भोकं विसरली जातात. आरपार नसलेल्या भोकात ऑइल साचलेलं असेल आणि त्यात बोल्ट आवळला, तर कोंडलेल्या ऑइलला जायला जागा उरत नाही आणि ब्लॉकला तडा जाऊ शकतो. तडा गेला नाही तरी टॉर्क खोटा दाखवला जातो. प्रत्येक भोकात ब्रेक क्लीनर मारा, फडक्याची वात करून कोरडं करा. चष्मा लावूनच, कारण मारलेला स्प्रे उलटून डोळ्यांत येतो.

चेंबर रॉकेलने आतून-बाहेरून धुवा, वाळवा. मग कड काचेवर किंवा ग्रॅनाइटच्या ओट्यावर पालथी ठेवून बघा. बोल्टच्या भोकांभोवती पत्रा दबलेला असेल तर तिथली कड टेकते आणि दोन भोकांच्या मधली उचललेली राहते. मागून टॉर्च लावला की फटीतून उजेड येतो. हे सरळ करता येतं. कडेची बोल्टच्या डोक्याकडची बाजू सपाट लोखंडी ठोकळ्यावर टेकवा आणि भोकाभोवतीचा उंचवटा छोट्या हातोडीने हलके हलके ठोकून बसवा. दर चार-सहा ठोक्यांनी पुन्हा काचेवर ठेवून बघा. अ‍ॅल्युमिनियमच्या चेंबरवर हा प्रयोग करायचा नाही, ते तडकतं.

चेंबरचा तळ दगड लागून आत दबलेला असेल तर तो चेंबर बदला. तळ आणि जाळी यांच्यातली जागा कमी झाली की ऑइल पुरेसं खेचलं जात नाही, आणि पॅकिंग कितीही उत्तम बसवलं तरी हा धोका जात नाही.

शेवटी दोन्ही कडा ब्रेक क्लीनरने पुसा. त्यानंतर हात लावायचा नाही. बोटांचा तेलकटपणाही सिलिकॉनला चिकटू देत नाही. दुपारी अंगणात धुळीचा वारा सुटला असेल तर इथे थांबा आणि पुढचं काम सकाळी करा.

पॅकिंग आणि सीलंट बसवणं

आधी सीलंट न लावता चेंबर एकदा जागेवर धरून बघा. पॅकिंगची सगळी भोकं जुळतात का, चेंबर कशाला घासत न जाता सरळ वर जातं का, हे आत्ता कळलेलं बरं. दोन जास्तीचे लांब एम६ बोल्ट घेऊन त्यांची डोकी करवतीने कापा आणि समोरासमोरच्या दोन भोकांत हाताने फिरवून बसवा. चेंबर या दोन दांड्यांवरून सरळ वर सरकतं, सीलंट पुसलं जात नाही. बोल्ट लागले की दांड्या काढून त्यांच्या जागी मूळचे बोल्ट घाला.

रबराचं पॅकिंग कोरडंच बसवायचं असतं. त्यावर सिलिकॉन फासलं तर ते निसरडं होतं आणि आवळताना बाहेर सरकतं. सीलंट लागतं ते फक्त ब्लॉक, टायमिंग कव्हर (इंजिनच्या टायमिंग चेन किंवा बेल्टवरचं झाकण) आणि मागच्या सीलची प्लेट जिथे एकमेकांना भेटतात त्या सांध्यांवर. तिथे वाटाण्याएवढा ठिपका पुरे. कॉर्कचं पॅकिंग चेंबरच्या बाजूने अगदी पातळ सीलंटने चिकटवावं, ब्लॉकची बाजू कोरडी.

फक्त सीलंटवर बसणाऱ्या इंजिनात कडेवर ३ मिमी जाडीची एकसलग रेघ ओढा. बोल्टची भोकं बाहेर राहतील अशी, म्हणजे रेघ भोकांच्या आतल्या बाजूने जाईल. सुरुवात आणि शेवट एकमेकांवर सेंटिमीटरभर चढवा, आणि हा जोड कोपऱ्यात नको, सरळ बाजूवर घ्या. चेंबरचा घेर सव्वा मीटर धरला तर एवढ्या रेघेला लागतं जेमतेम ९ मिलिलिटर सीलंट. म्हणजे १०० ग्रॅमच्या नळीतलं बरंच उरायलाच हवं. नळी संपली असेल तर उरलेलं सगळं आत पिळलं जाऊन जाळीच्या वाटेला लागणार आहे, असं समजा आणि पुसून पुन्हा करा.

रेघ ओढल्यापासून चेंबर लावेपर्यंतचा वेळ नळीवर दिलेला असतो, बहुधा ५ ते १० मिनिटं. हे सीलंट हवेतल्या ओलाव्याने जमतं. त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये त्यावर साय लवकर धरते आणि हात चपळ ठेवावा लागतो. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत उलट होतं, वरून सुकल्यासारखं दिसलं तरी आत कच्चं राहतं. उन्हाळ्यात सुकायला जास्त वेळ द्या.

आवळणं

आधी सगळे बोल्ट बोटांनी लावा, एकही पान्याने नाही. मग मधल्या बोल्टांपासून सुरू करून समोरासमोर, बाहेरच्या टोकांकडे जात पहिली फेरी ५ न्यूटन मीटरला पूर्ण करा. दुसऱ्या फेरीत त्याच क्रमाने अंतिम आकड्यापर्यंत जा. एम६ बोल्टांसाठी तो साधारण ९ ते ११ न्यूटन मीटर असतो. तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच खरा. हा टॉर्क हाताला फारच कमी वाटतो, आणि 'अजून थोडं' म्हणून चुका होतात त्या इथेच. लांब दांड्याच्या रॅचेटने आवळत असाल तर मूठ दांड्याच्या टोकाला नाही, डोक्याजवळ धरा.

कॉर्कचं पॅकिंग दबतं, म्हणून अर्ध्या तासाने एक फेरी पुन्हा त्याच टॉर्कला तपासा. सिलिकॉन एकदा जमल्यावर मात्र बोल्ट परत आवळू नका. जमलेला थर फाटतो.

बोल्ट फिरत राहिला आणि घट्टच झाला नाही तर आट्या गेल्या. मोठा बोल्ट ठोकून बसवू नका. हेलिकॉइल नावाचा स्प्रिंगसारखा आट्यांचा तुकडा बसवून भोक पुन्हा एम६ करता येतं. हे काम लेथवाला किंवा चांगलं गॅरेज करून देतं.

ड्रेन बोल्ट नव्या वॉशरसह बसवा. तो मोठा असतो, बहुतेक छोट्या गाड्यांत ३० ते ४० न्यूटन मीटर. सायलेन्सरचा पाइप नव्या पॅकिंगसह जोडा. नव्या फिल्टरच्या रबराला बोटाने ऑइल लावा, रबर टेकल्यानंतर हाताने पाऊण फेरा, बस.

ऑइल भरणं

सीलंट वापरलं असेल तर ऑइल दुसऱ्या दिवशीच भरा. नळीवर 'एका तासात तयार' असं लिहिलेलं असलं तरी रात्रभराची सवड गळती थांबण्याची खात्री खूप वाढवते. सीलंट न लावता बसवलेल्या रबरी पॅकिंगला थांबायची गरज नाही.

गाडी घोड्यांवरून उतरवून सपाट जागी आणा. मॅन्युअलमधल्या मापाच्या पाऊण भाग ऑइल ओता, पाच मिनिटं थांबा, डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) बघा, मग थोडं थोडं घालत वरच्या खुणेच्या जरा खाली आणा. जास्त भरलं तर क्रँक ऑइलमध्ये आपटून फेस करते आणि दाब वाढून सीलं गळतात, म्हणजे घरातून हाकललेलं संकट पुन्हा दारात.

बॅटरी जोडा, इंजिन चालू करा. ऑइलचा लाल दिवा काही सेकंदांत विझायला हवा. १० सेकंदांत विझला नाही तर लगेच बंद करा. फिल्टर, ऑइलची पातळी आणि जाळीची ओ-रिंग तपासल्याशिवाय पुन्हा चालू करू नका. दिवा विझला की पाच मिनिटं मंद चालू ठेवून, गाडीखाली न शिरता, टॉर्चने बाजूने बघा. बंद करून पाच मिनिटांनी पातळी पुन्हा मोजा. फिल्टर भरल्यामुळे ती थोडी उतरलेली असते.

रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरून ठेवा. सकाळी कोरडा असेल तर १०० किलोमीटरांनी एकदा आणि ५०० ला एकदा सांधा बघा. पहिल्या दिवशी थेंब दिसलाच तर घाबरू नका. क्रॉसमेंबरवर आणि पाइपाच्या खाचांत जुनं ऑइल साचलेलं असतं, ते उतरत राहतं. सगळं पुन्हा धुऊन पावडरीची परीक्षा करा. ओघळ एकाच बोल्टजवळून असेल तर त्या बोल्टची लांबी आणि भोक तपासा. दोन बोल्टांच्या मधून असेल तर कड सरळ झालेली नाही. कोपऱ्यातून, टायमिंग कव्हरच्या खालून येत असेल तर तिथला सीलंटचा ठिपका चुकला आहे. यांपैकी कुठल्याही गळतीवर बाहेरून सिलिकॉन फासून उपयोग होत नाही, कारण तेलकट धातूला ते धरत नाही. चेंबर पुन्हा उतरवावंच लागतं.

जुनं ऑइल

निघालेलं ऑइल गटारात जाता कामा नये. इंदूरचे नाले कान्ह नदीत जातात आणि कान्ह पुढे उज्जैनजवळ क्षिप्रेला मिळते. सेंट्रिंगच्या पाट्यांना काँक्रीट चिकटू नये म्हणून किंवा दाराच्या लाकडाला वाळवी लागू नये म्हणून जळकं ऑइल फासायची पद्धत आहे, पण त्यात जड धातू आणि कर्करोगाला कारण ठरणारे घटक असतात. ते हाताला लागतं, मातीत उतरतं. २०१६ च्या नियमांनुसार वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं आणि ते नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवं. १ एप्रिल २०२४ पासून ते गोळा करून पुन्हा वापरात आणण्याची जबाबदारी ऑइल तयार करणाऱ्या कंपन्यांवरही आली आहे. तुमच्यासाठी सोपा मार्ग असा: नव्या ऑइलच्या रिकाम्या कॅनमध्ये गाळून भरा, झाकण घट्ट लावा आणि जुनं ऑइल गोळा करून देणाऱ्या वर्कशॉपला द्या. त्यात पाणी, रॉकेल किंवा कूलंट मिसळू देऊ नका, मिसळलेलं ऑइल पुन्हा शुद्ध करणं अवघड जातं. धुण्याचं रॉकेल वेगळ्या बाटलीत ठेवा. फिल्टर रात्रभर पालथा घालून निथळू द्या. तेलकट फडकी आणि निथळलेला फिल्टर पिशवीत बांधून, महापालिकेच्या कचरागाडीत घरगुती घातक कचऱ्याचा जो वेगळा कप्पा असतो त्यात टाका. तेलाने भिजलेल्या फडक्यांचा बोळा उन्हात ढीग करून ठेवू नका. फरशीवर सांडलेल्या ऑइलवर लाकडाचा भुसा टाका, तासाभराने झाडून त्याच पिशवीत भरा.